फळीवरची कराड-आटपाडी लाइन

कराडहून आटपाडीला रेल्वे जात नाही. तरी नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांत मी त्या गाडीनं पुष्कळ प्रवास केला आहे.

सांगलीच्या विश्रामबागेत माझा एक मित्र भाड्याच्या खोलीत राहायचा. आम्ही दोघे कडेगावकडच्या एकाच गावचे, एकाच शाळेत शिकलेले. पुढं तो फौजेत गेला, हवालदार होऊन परतला आणि सांगलीत मी ज्या कचेरीत कारकून होतो तिथंच लागला. फौजेतून लोक काळी ट्रंक आणि कांबळी आणतात. यानं वीतभर लांबीचं इंजिन, दोन डबे आणि थोडे रूळ आणले. गाडीला मुलूख हवा म्हणून प्लायवूडची लांबलचक फळी आणली, तिच्यावर खाकी कागद चिकटवला आणि पेन्सिल घेऊन बसला. कराड स्टेशनातून एक फाटा काढायचा आणि तो कडेगाव, विटा करत आटपाडीला न्यायचा.

"आपल्याकडची गाडी पायजे," तो म्हणायचा. "टेसनात लिंब पायजे, लिंबाखाली पान खानारा मास्तर पायजे. खेळन्यासंगं मिळत्यात तसलं इलायती बंगलं काय करायचं, गड्या?"

रविवारी आम्ही एसटीनं हिंडायचो. सुर्लीच्या घाटात उतरून तो चढ निरखायचा आणि हवेत हातानं वळणं काढायचा. आटपाडीच्या माळावरची माती आम्ही पिशवीत भरून आणली. उसासाठी खराट्याचे हीर हिरवे रंगवून पाहिले आणि ते बऱ्यापैकी जमले.

संध्याकाळी कचेरी सुटली की मी त्याच्या खाटेवर आडवा व्हायचो. तो आखत बसायचा आणि माझे डोळे मिटू लागायचे. गाडी हलायची. घाटात ती धापा टाकायची, वर आली की वारं लागायचं. कडेगाव मागं पडलं की हिरवं विरळ व्हायचं, विट्यापुढं हवा कोरडी होत जायची. कुठंतरी रुळांवर मेंढरं बसलेली असायची. मग गार्ड खाली उतरायचा, धनगराशी तंबाखू मळत गप्पा मारायचा आणि गाडीला उशीर व्हायचा. तो उशीर मला फार आवडायचा. दुसऱ्या दिवशी कचेरीत शिक्के मारतानाही मी अर्धा त्या माळावरच असायचो.

फक्त आमच्या गावापाशी माझी झोपमोड व्हायची. खरं गाव असं आहे: वर गाव, खाली ओढा, ओढ्यापलीकडं आमची बौद्धवस्ती. सपाटी काय ती ओढ्याकाठी, तेव्हा लाइन तिथूनच जायला हवी. पण मित्राची पेन्सिल गाव यायच्या आत वर वळायची आणि देवळामागच्या टेकडीला वळसा घालून पुढं निघायची. त्या वळशानं टेकडी फळीवर आली आणि ओढा फळीच्या काठावर गेला. पलीकडं फळीच नव्हती. आमचं विहार नाही, आमचं घर नाही.

एकदा मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "ओढ्याकाठनं का नेत न्हाईस रं?"

"तितं आमचा मळा हाय," तो म्हणाला. "बापानं इहीर खांदली तवा कुटं ऊस झाला. त्यातनं रूळ टाकाय हात धजंना बग."

"कागदावरचा ऊस हाय की."

"म्हनून काय झालं?"

आख्ख्या तालुक्याच्या रानातून यानं बिनदिक्कत रूळ घातले होते, कुणाला नोटीस नाही की काही नाही. आणि स्वतःचा ऊस आला की कनवाळू! मी हसलो. खरं तर मला राग आला होता, आणि खेळातल्या गाडीपायी राग येतो याची लाजही वाटत होती. रस्ता आधी गावात आला, नळ आधी गावात आला, वीजही. त्याची सवय होती. पण ही गाडी माझीही होती. तिनं तरी आमच्याकडं थांबावं एवढंच मला हवं होतं आणि तेवढंच तोंडातून निघत नव्हतं.

दिवाळीनंतर वडील डोळे दाखवायला सांगलीला आले. नवा चष्मा मिळाला तसे ते दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचत सुटले. मित्रानं चहाला बोलावलं म्हणून आम्ही त्याच्या खोलीवर गेलो.

"रामराम, आबा."

"जय भीम, हवालदार. ह्ये काय मांडलंय?"

मित्रानं सगळं समजावलं. वडील फळीशी उकिडवे बसले आणि कराडपासून बोट फिरवत एकेक नाव वाचत आले. आमच्या गावावर बोट थांबलं.

"आन आमी कुटं हाय?"

मी कपात बघत राहिलो. मित्र म्हणाला, "फळी संपली, आबा."

वडिलांनी काठाच्या पलीकडं, हवेत बोट धरलं. "म्हंजी आमी हितं," ते म्हणाले. रागानं नव्हे, पत्ता सांगावा तसं.

मित्राचा चेहरा पडला. त्यानं खोडरबर घेतलं आणि टेकडीचा वळसा पुसून टाकला. गाव वर सरकवलं, ओढा वर घेतला, खाली वस्तीला जागा निघाली. मग पेन्सिल धरून तो मळ्यापाशी बराच वेळ थांबला. शेवटी ओठ चावून त्यानं उसातून सरळ रेघ ओढली.

"माज्या बापाला सांगू नगंस," तो मला म्हणाला. मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

"आबा, टेसन कुटं करू?"

"आमच्या दारात," वडील लगेच म्हणाले.

"तितं उतार हाय, गाडी घसरंल."

"मग विहारापशी करा. म्हातारीचं गुडघं दुकत्यात."

"तितं वड्याचं पानी चडतं, आबा."

बाजारात मेंढरू ठरवावं तशी घासाघीस चालली. शेवटी वडिलांनी उसाच्या मधोमध बोट टेकवलं. "हितं करा. दोनीकडनं सारकंच."

मित्रानं गावाकडून अंतर पाहिलं. "आवं आबा, मग गावाला वड्यापातूर चालत यावं लागंल की!"

वडिलांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"येऊ द्यात की," ते म्हणाले. "पाय हायती त्यास्नी."