आपण कितवे?

वारज्याच्या आमच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ संगणकाशीही अहो-जाहो करतात. आमचा प्रोग्रॅम गिऱ्हाइकांच्या मशीनवर चालतो आणि छपाई तिथल्या प्रिंट सर्व्हिसकडून करून घेतो. ही सर्व्हिस कुठे जुनी असते, कुठे नवी. जुन्या सर्व्हिसला पाठपोट छपाई जमत नाही. म्हणून हे कुठल्याही मशीनवर बसले की आधी सर्व्हिसची आवृत्ती विचारणारी कमांड देतात आणि पुटपुटतात, "अहो, आपण कितवे?"

मी एकदा आवृत्तीचा आकडा, कुणाकडे कितवी सर्व्हिस आहे याच्या आमच्या यादीतून उचलून प्रोग्रॅममध्ये लिहून टाकला. स्वारगेटजवळच्या एका वाचनालयात मशीनच्या दुरुस्तीनंतर कुणीतरी जुनीच सर्व्हिस बसवली होती. पाठपोटचं बटण दाबताच सगळं अडकलं.

हे माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "यादीला विचारलंत. सर्व्हिसला विचारायला लाज वाटली?"

मग बसून त्यांनी चार ओळी लिहिल्या. प्रोग्रॅमने सुरू होतानाच सर्व्हिसला विचारायचं, जुनी निघाली तर बटण दाखवायचंच नाही. तिथे आजतागायत काही अडकलेलं नाही.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी कामावर परतलो. साहेबांनी नेहमीप्रमाणे तिसऱ्या मजल्यावर मीटिंग ठेवली होती आणि लिफ्ट बंद होती. सगळे वर गेले. हे तेवढे माझ्या टेबलापाशी थांबले.

"अहो, आज आपण कितवे?"

"जुनेच," मी म्हटलं. "जिना नाही जमत अजून."

ते वर गेले आणि पाच मिनिटांत सगळ्यांना खाली घेऊन आले. साहेबांसकट.