वाट ती बघते

बाळकुमच्या बागेत मी रविवारी सकाळी फिरायला जातो. तिथे फाटकाजवळच्या बाकावर एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन बसलेली असायची. नवऱ्यापासून ती वेगळी झालेली. तो डोंबिवलीहून मुलीला न्यायला यायचा, आणि नेहमी उशिरा. येणाऱ्या प्रत्येक स्कूटरकडे मुलगी मान उंचावून बघायची. बाई तिची वेणी सोडून पुन्हा घालत राहायची.

एकदा तो फारच उशिरा आला. बाईने हसून मुलीची बॅग त्याच्या हातात दिली आणि "तिने अजून काही खाल्लं नाहीये," एवढंच सांगितलं. ते दोघं गेल्यावर मला राहवलं नाही.

"तुम्ही त्याला काहीच बोलत नाही?"

"बोलते ना काका, पण नंतर, फोनवर. इथे चिडले तर तिला वाटेल, ती बाबाकडे जाते म्हणून आई चिडते." मग म्हणाली, "आज त्याला सांगणार आहे, निघालास की मला नको, तिला फोन कर. वाट ती बघते."

पुढच्या रविवारी फोन मुलीनेच घेतला. "बाबा, अजून डोंबिवलीतच आहेस? मग मी खेळते," म्हणत ती झोपाळ्याकडे पळाली. बाईने बाकाला पाठ टेकली.

तो त्याही दिवशी उशिराच आला. पण मुलीचे झोके संपले नव्हते. तो बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसला, आणि बराच वेळ दोघांपैकी कोणीच तिला हाक मारली नाही.