दादाच्या पतंगाची कॅसेट

१४ डिसेंबर, रविवार. आजचं काम: दादाची जुनी कॅसेट वाजवून लॅपटॉपमध्ये उतरवायची. पोहे आटोपून नऊला बसले. टेपरेकॉर्डरचं हेड स्पिरिटनं पुसलं, ढिली टेप पेन्सिलीनं फिरवून घट्ट केली.

आम्ही शाळेत असताना घरी एक छोटा कॉम्प्युटर होता. तो टीव्हीला जोडायचा आणि प्रोग्रॅम गाण्यांच्या साध्या कॅसेटवर साठवायचे. धरमपेठेतलं आईचं घर रिकामं करताना मीच तो भंगारवाल्याला दिला. दादा अजून विसरलेला नाही. दर दिवाळीला विचारतो, "यंदा माझं काय विकलं वं?" कॅसेटी शिवणाच्या डब्यात होत्या, म्हणून वाचल्या.

त्यातले विकतचे गेम जगात कुणी ना कुणी जपून ठेवलेत. 'पतंग' मात्र दादानं दहावीच्या सुट्टीत स्वतः लिहिला होता आणि त्याची ही एकच प्रत. यंदा दादा निवृत्त झाला. म्हणतो, जन्मभर दुसऱ्यांच्या फायली हलवल्या, स्वतःचं असं तेवढंच केलं. तेव्हा तो चालू करून द्यायचं मी अंगावर घेतलं.

टेपवर प्रोग्रॅम म्हणजे नुसता किर्र-खर्र आवाज. तो लॅपटॉपवर रेकॉर्ड करायचा, मग एक प्रोग्रॅम त्या आवाजाची फाईल बनवतो, आणि एम्युलेटर, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचं सोंग घेणारा दुसरा प्रोग्रॅम, ती चालवतो. मी सगळं नीट केलं. तरी फाईल रिकामी. त्याच रेकॉर्डिंगवरून तीनदा बनवून बघितली, तीनदा रिकामी.

दादा आला. चहा हातात घेऊन बसला आणि म्हणाला, "जाऊ दे. गेली असंल टेप."

"टेप चांगली आहे. मी तर आवाज साफही करून घेतला."

"साफ म्हणजे?"

"गेमच्या सुरुवातीला एकसुरी किर्र होती ना, ती टेपचा खरखराट समजून काढून टाकली. सगळीकडूनच."

त्यानं कप खाली ठेवला. "अवं, ती किर्र म्हणजेच गेम होता. मले वाटलंच. पहिले कॉम्प्युटर भंगारात, आता गेम धुऊन मोरीत."

"मग पुन्हा वाजवू."

"पहिलं रेकॉर्डिंग कुठं आहे?"

ते नव्हतं. त्याच फाईलवर मी साफ केलेलं सेव्ह केलं होतं. एकाच गोष्टीच्या दोन-दोन प्रती मला घरात खपत नाहीत. म्हणजे टेप पुन्हा वाजवणं आलं, आणि ती मध्येच तुटली तर 'पतंग' कायमचा गेला. दादा म्हणाला, "लाव. पण हात लावून नको राहू."

आधी सोळा वर्षांच्या दादाचा आवाज आला. कुठला प्रोग्रॅम कुठे आहे ते कळावं म्हणून तो आधी माईकवर नाव बोलून ठेवायचा. "पतंग. बहिणीनं हात लावू नये."

"पाह्य," दादा म्हणाला, "तेव्हाच सांगितलं होतं."

मग किर्र सुरू झाली. चार मिनिटं मी हात पाठीमागे धरून बसले. टेप एकदा करकरली, पण तुटली नाही. या वेळी काहीही न पुसता फाईल बनवली. पडद्यावर ठिपक्यांच्या विजेच्या तारा आल्या आणि त्यांच्यामधून एक चौकोनी पतंग वर सरकला. दादानं चष्मा लावला, बटणं दाबली आणि पहिल्याच तारेत अडकला.

"ओ काट," पतंग कापला की ओरडतात तसं मी म्हटलं.

"मी लिहिला आहे, थोडा तरी मान ठेव," म्हणाला आणि जेवायची वेळ होईपर्यंत उठला नाही.

१५ डिसेंबर, सोमवार. सकाळी मी कॅसेटच्या मागचे दोन्ही प्लास्टिकचे तुकडे मोडले, म्हणजे चुकूनही वर काही रेकॉर्ड व्हायला नको. रेकॉर्डिंग आणि फाईल, दोन्हींच्या तीन प्रती केल्या. एक पेन ड्राइव्ह दादाला फिरायला निघायच्या आधी नेऊन दिला. त्यावर चिठ्ठी चिकटवली होती: पतंग. साफ करू नये.