गराजच्या दारातून

इथे अमेरिकेत, अर्विंगला आमच्या शेजारच्या घरात एक सून आहे. सासूबाईंची देखभाल करण्याचे पैसे तिला सरकार देतं. त्यासाठी सकाळी फोनवर ‘क्लॉक इन’ करायचं, संध्याकाळी ‘क्लॉक आउट’. सासूबाईंना हल्ली माणसं चेहऱ्यावरून ओळखू येत नाहीत. ॲप्रन बांधून फोनवर हजेरी लावणारी ही त्यांना पगारी बाईच वाटते. हीसुद्धा दिवसभर खालच्या आवाजात ‘हो आजी, बरं आजी’ करत त्यांना अंघोळ घालते, भरवते.

संध्याकाळी ती ॲप्रन काढते, ‘येते हं आजी’ म्हणत पुढच्या दाराने बाहेर पडते, घराला वळसा घालते आणि गराजमधून मोठ्याने बोलत आत शिरते, ‘आले हो आई! काय ट्रॅफिक होता आज!’

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, हिचं डोकं फिरलंय.

मग एकदा मी चहाला बसलेली असताना सासूबाईंनी तिचा हात धरला. ‘दमलीस ना? ती बाई फार मायेने करते गं. तिला काढू नकोस.’

‘नाही काढणार, आई.’

माझं बिस्किट चहात विरघळून गेलं. ती मात्र कुकर लावायला उठली. पगाराचे तास केव्हाच संपले होते.