सनईच्या डबीतली दालचिनी

“म्याडम, दुखतंय ओठाला आन् पट्ट्या पाठीला?” शर्ट काढता काढता बबनराव म्हणाले. हडपसरचे सनईवाले. लग्नसराई तोंडावर आलेली आणि ओठ असे फाटलेले, की फुंकर मारली की रक्त.

मी त्वचेची डॉक्टर, दवाखाना सदाशिव पेठेत. या तपासणीला पॅच टेस्ट म्हणतात. ज्यांचा संशय आहे ते पदार्थ थोडे थोडे घेऊन दोन दिवस पाठीला चिकटवायचे. जिथे लाल होऊन खाज सुटते, तो गुन्हेगार. बबनरावांची निघाली दालचिनी.

दालचिनी फक्त मसाल्याच्या डब्यात नसते. वासाला, चवीला तिचा अंश टूथपेस्ट, माउथवॉश, च्युइंगममध्येही असू शकतो, आणि पाकिटावर बरेचदा नुसतं ‘फ्लेवर’ लिहिलेलं असतं. मी यादी दिली. माणूस काटेकोर. टूथपेस्ट बदलली, गरम मसाला बंद, मसाल्याचा चहा बंद. ओठ छान भरून आले.

आठवड्यात परत तेच.

“काय खाल्लंत?”

“आईची शपथ, काय न्हाई. फकस्त एक साखरपुडा वाजवला.”

“मग सनईच बंद करा.”

ते स्टुलावरून उठले. “वडलांनी दुसरं काय शिकवलंच न्हाई ओ,” एवढंच म्हणाले. मला फार वाईट वाटलं, पण मी सांगून मोकळी झाले होते.

पुढच्या खेपेला ते पिशवीत सनईच घेऊन आले. “तुमच्याकडंच ठेवा. घरात दिसली की हात जातो.” सनईची पत्ती, म्हणजे ओठात धरायचा भाग, वेगळ्या डबीत होती. ती दाखवायला त्यांनी झाकण काढलं आणि दवाखान्यात मसालेभाताचा वास सुटला.

“अहो, हे काय?”

“लवंग-दालचिनी. पत्तीला किडा लागू नये म्हून. वडलांपासून हाय.”

मी कपाळावर हात मारला. पत्ती दिवसरात्र दालचिनीत मुरायची, आणि वाजवण्याआधी हा माणूस ती तोंडात धरून भिजवायचा! मी टूथपेस्टची चौकशी केली. कामासाठी तोंडात काय धरता, हे विचारलंच नव्हतं. आणि वर त्यांची सनई सोडवायला निघाले होते.

नव्या पत्त्या, बिनमसाल्याची नवी डबी. तीन आठवड्यांनी ते आले आणि तपासणीच्या स्टुलावर बसूनच वाजवायला लागले. पेशंट दारात गोळा झाले. मला रडू आवरेना.

खालच्या मजल्यावरचे काका वर आले. “डॉक्टर, दवाखाना आहे की मंगल कार्यालय?”

“दवाखानाच आहे, काका. पेशंट बरा झालाय.”

हल्ली यादी मी नंतर देते. आधी पेशंटला पिशवी उघडायला सांगते.