जितीचा टाक

लोक परदेशात आपली मुळं शोधायला जातात म्हणे. मी उपटायला निघाले होते.

माझा बाप गलाईवाला. जुनं सोनं आटवून शुद्ध करायचं, हा आमच्या कडेगाव भागातल्या कितीतरी घरांचा धंदा. मिसरूड फुटायच्या आत पोरगं परमुलखात जातं, भट्टीपुढं बसतं आणि वर्षातनं एकदा गावच्या जत्रेला उगवतं. बाप काठमांडूला होता. जत्रेला यायचा, आईला लुगडं, मला गोळ्या-बिस्किटं, की परत पसार. आई पुढच्या जत्रेपर्यंत ऊस बघायची, वाट बघायची आणि विचारणाऱ्याला सांगायची, "धंद्यात लय गुंतल्यात."

तो तिकडंच मेला आणि तिकडंच त्याला जाळला. खबर घेऊन चुलता आला. तोही उमेदीची सगळी वर्षं बापाबरोबर त्याच भट्टीवर होता. दिवसकार्य झालं. मग एकदा बापाच्या नंबरावरून फोन आला. एक बाई हिंदीत रडत म्हणाली, "मैं उनकी घरवाली." आईनं फोन ठेवला. चुलत्याला विचारलं, तर तो चपला शोधायला लागला. तेव्हाच मी ओळखलं, या बाबाला सगळं ठाऊक होतं. आमच्या घरी बसून पुरणपोळ्या हाणायचा आणि तोंडातनं चकार शब्द काढायचा नाही.

मी कराडला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. पन्नाशी उलटलीय. काठमांडूला जाते म्हटल्यावर नवरा म्हणाला, "एकटी?" मी म्हटलं, "फिरायला नाही, भांडायला निघालेय. त्याला सोबत कशाला?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या बाईला चार लोकांत उभी करून सोलायची, एवढंच डोक्यात होतं.

निघताना आईनं मला गोठ्याकडं नेलं. म्हणाली, "शिव्या घालायच्या त्या घाल. पर म्या हाय हे तिला ठावं हुतं का, तेवढं ईचारून ये. ठावं असंल तर ती चोर. नसंल तर..." पुढचं ती बोलली नाही, म्हशीपुढं वैरण टाकायला लागली.

गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढं बसा. रस्ताभर मी हिंदीतल्या शिव्या जुळवत होते. मराठीत कशा भरभर सुचतात! हिंदीत "कुलक्षणी" म्हणावं तर ते पूजेतल्यासारखं वाटायचं. शेजारच्या सीटवरची बाई मला संत्र्याच्या फोडी देत होती आणि मी मनात दुसऱ्याच बाईच्या झिंज्या उपटत होते. सोनारांच्या गल्लीत शिरले, तर बापाच्या सदऱ्याला यायचा तोच तेजाबाचा वास आला. त्या वासानंच माझं डोकं आणखी फिरलं. आमच्याच भागातला एक गलाईवाला भेटला. मी कुणाची ते सांगितल्यावर त्यानं बोटानं घर दाखवलं आणि मान खाली घालून भाता मारायला लागला.

मला वाटलं होतं, गोरीपान, नटवी असेल. दार उघडलं ते गुडघे धरून चालणाऱ्या पांढऱ्या केसांच्या बाईनं. माझ्याकडं बघून म्हणाली, "नाक उन्हीं का है." आणि चहा करायला गेली. मी तोंड उघडायच्या आत! चहाचा कप द्यायला ती वाकली, तशी तिच्या गळ्यातली सोन्याची पट्टी बाहेर आली. पट्टीवर बाईची उठावाची आकृती होती.

मी कप खाली ठेवला. आमच्याकडं रीत आहे. पहिली बायको वारली की दुसरीच्या गळ्यात तिचा टाक घालतात, नाहीतर मेलेली सवत दुसरीला सुखानं नांदू देत नाही, असं मानतात. माझ्या गलाईवाल्या बापानं स्वतःच्या हातानं सोनं ओतून माझ्या जित्या आईचा टाक केला होता! खोटं बोलायचं तर बोलायचं, पण रीत मोडायला भ्यायला, भेकड मेला.

"आपकी माँ," ती टाक डोळ्यांना लावत म्हणाली. "हर साल श्राद्ध करती हूँ इनका. शादी के दिन देवर जी ने ही पहनाया था."

म्हणजे चुलत्यानं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन त्या बाईच्या तोंडापुढं धरला. डोक्यावर पदर, हातात खुरपं, आई पडद्यावर आली. "ये मेरी माँ," मी म्हटलं, "अभी खेत में है." बाईनं पदरानं फोनचा पडदा पुसून पुन्हा बघितलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. आई तिच्या गळ्यातला टाक निरखायला लागली.

"तिला म्हणावं, काढ ते," आई म्हणाली. "मी जिती हाय."

बाईनं टाक काढून माझ्या हातावर ठेवला आणि मोडून पडल्यासारखी जमिनीवर बसली. जुळवलेली एकही शिवी मला तिला देता येईना. ज्याला द्यायच्या, तो राख होऊन बसला होता.

मी गावी परतल्यावर टाक हातात घेऊन आई म्हणाली, "नाकडोळं बी धड काढलं न्हाईत मुडद्यानं." दुसऱ्या दिवशी तिनं तो आटवायला दिला.

भाद्रपदात बापाचा म्हाळ आला. पितरांच्या नावानं कावळ्याला पान ठेवायचं आणि भावकीला जेवायला घालायचं, असा तो दिवस. मला भाऊ नाही, म्हणून विधी चुलत्यानं करायचा आणि स्वयंपाक आईनं. दुपार झाली, भावकी सोप्यात येऊन बसली, आणि आत चूल पेटलेलीच नाही. आई उंबऱ्यावर शेंगा फोडत होती.

"वैनी," चुलता म्हणाला, "पान ठिवायचं न्हवं?"

"कोण ठिवणार?"

"आवं, तुमी."

"मी तर कवाच मेलेली हाय, भावजी. माझा टाक तुमीच तिच्या गळ्यात घातलासा. मग मेलेल्या बाईच्या हातचं जेवाय कसं काय आलासा?"

 चुलत्याचं तोंड मातीसारखं झालं. मला ते तसंच बघायचं होतं. एकेक जण उठून पायताणात पाय घालायला लागला. भावकीतली एक म्हातारी तेवढी थांबली, हात जोडून म्हणाली, "अगं, कौलावर कावळं आल्यात. पितर उपाशी जातील बाई. निदान भाकरीचा तुकडा तरी टाक."

आईनं वर बघितलंसुद्धा नाही.

"बसू द्या की," ती म्हणाली. "आता जरा त्येंनी वाट बघावी."