नाना सरांची ओळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला माझ्या फोनचा पासवर्डसुद्धा ठाऊक आहे. गोष्ट तशी लहान. एका वेबपेजवरच्या टेबलच्या रेघांची. तुम्ही म्हणाल, रेघांची कसली कबुली? मीही बरेच दिवस स्वतःला तेच विचारत होतो.

मी जळगावात वेबसाइट बनवतो. केळीच्या व्यापाऱ्यांच्या, क्लासवाल्यांच्या, एखाद्या दवाखान्याची. टेबल आखण्यात माझा हातखंडा. रेघ किती जाड, कुठल्या रंगाची, कुठे थांबायची, हे सीएसएसमध्ये, म्हणजे पानाची सजावट ठरवणाऱ्या कोडमध्ये, दोन-तीन शब्दांत सांगता येतं. आणि गंमत बघा — ज्यांनी मला पहिल्यांदा रेघ मारायला शिकवली, त्यांचीच — नाही, थांबा. आधी शाळेचं सांगतो.

पारोळ्याच्या शाळेत सातवीला आम्हाला नाना सर होते. वहीत समास आखल्याशिवाय अक्षर लिहायचं नाही, असा त्यांचा दंडक. माझी पट्टी नेहमी सरकायची. एके दिवशी त्यांनी मला ती उघडी वही हातात धरून वर्गावर्गातून फिरवलं. तेव्हापासून मी ‘वाकड्या’ झालो. आजही बाजारात एखादा जुना सोबती त्याच नावाने हाक मारतो. मी हसण्यावारी नेतो, पण आत जळफळाट होतो, खोटं कशाला बोलू?

तीन वर्षांपूर्वी त्याच शाळेने वेबसाइटचं काम मला दिलं. त्यात एक पान आजवरच्या सगळ्या शिक्षकांचं होतं — नाव, विषय, नोकरीची वर्षं. बाविसाव्या ओळीत नाना सर. मी काय केलं? नाव काढलं नाही. काढलं असतं तर चूक म्हणून खपून गेलं असतं. मी अक्षरं पांढरी केली, पांढऱ्यावर पांढरी, आणि त्या ओळीच्या बॉर्डरला, म्हणजे कडेच्या रेघांना, लिहिलं ‘हिडन’ — लपलेली. शेजारच्या दोन चौकटींत एकच सामाईक रेघ ठेवली, की हा हिडन सगळ्यांवर भारी पडतो. शेजारी कितीही जाड रेघ मागो, ती निघूनच जाते. वरच्या बाईंची खालची रेघ गेली, खालच्या सरांची वरची गेली. मधे नुसतं पांढरं भोक राहिलं.

दोन दिवसांची गंमत करायची आणि सोडून द्यायचं, असं ठरवलं होतं. मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला, एक ओळ कोरी दिसतेय म्हणून. मी म्हणालो, ब्राउझरचा दोष आहे, करतो. करतो, करतो — करता करता उद्घाटन आलं.

त्या दुपारी सगळे मैदानात चहाला गेले होते. कॉम्प्युटरच्या खोलीत मी एकटाच. दारात नाना सर उभे. काठी टेकत, भिंतीला हात लावत आत आले. त्यांना मोतीबिंदू झाल्याचं मला माहीत होतं. त्याच्या वर्षभर आधी बाजारात समोर उभा राहिलो तरी त्यांनी ओळखलं नव्हतं. खुर्ची ओढून ते पडद्याच्या अगदी जवळ बसले.

“मन्हं नाव शे ना रे?”

“शे, सर,” मीही अहिराणीतच म्हणालो, आहे तुमचं नाव.

त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. वरून खाली, सावकाश, एकेक ओळ. काचेवर नख घासल्याचा बारीक आवाज येत होता. बोट त्या कोऱ्या जागेवर येऊन थांबलं. नेमकं तिथेच. माझ्या अंगावर काटा आला. ज्याला दिसत नाही, त्याला ती जागा सापडावी कशी?

“आठेच ना?”

हो, इथेच, मी म्हणालो.

“बठ्ठ्या रेघा सरळ शेतस ना?”

“शेतस, सर.” सगळ्या सरळ आहेत, असं मी बेधडक सांगितलं.

त्यांनी मान डोलावली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. दारापर्यंत सोडायलाही मी गेलो नाही.

पावसाळा संपता संपता ते वारले. धुळ्याला त्यांच्या मुलीकडे, अक्कांकडे, मी भेटायला गेलो — का गेलो, देव जाणे. चहा देताना अक्का सहज बोलून गेल्या: गुडघ्यांनी दगा दिला होता, पण ऑपरेशननंतर नानांची नजर लख्ख झाली होती, शेवटपर्यंत पेपर स्वतः वाचायचे. ऑपरेशन कधी झालं, मी विचारलं. शाळेच्या त्या कार्यक्रमाच्या दोन महिने आधी, त्या म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी अक्षरं काळी केली, हिडन काढला, रेघा भरल्या. शाळेतून फोन आला, आता झकास दिसतंय. सगळ्यांना दिसतंय. मला मात्र त्या ओळीभोवती रेघ दिसत नाही. कोड पुन्हा पुन्हा तपासला, कॉम्प्युटर बदलले, मोबाइलवर पाहिलं. नाव आहे, रेघ नाही. पडद्यावर बोट ठेवून खाली आणतो, तर ते तिथे आपोआप थांबतं. भीती वाटते मला, दिवसाउजेडी.

त्यांना दिसत होतं. ती कोरी जागा दिसत होती आणि माझं तोंडही. त्यांनी मला एकदा नाही, तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा खोटं बोललो.